एका नावाचे दोन गोल

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला खरा, पण तो पसरून राहीना. वर्षभर गुंडाळी करून ठेवलेला ट्रेसिंग पेपर पुन्हापुन्हा स्वतःच्या अंगावर वळत होता. मोजणीदाराने एका कोपऱ्यावर साखरेचा डबा ठेवला, दुसऱ्यावर आत्याचं गीतांचं पुस्तक, तिसऱ्यावर चष्म्याचं घर. चौथ्यासाठी काही मिळेना, तेव्हा दंतवैद्याने कोटाच्या खिशातून प्लास्टरचा एक जबडा काढून तिथे ठेवला.

"झालं. आता कुठे जातंय खानदान."

"कुणाचा रे हा?" ताईने बोटाच्या टोकाने जबडा किंचित लांब सरकवला. "रविवारीसुद्धा?"

"प्लास्टरचा आहे, ताई. चावत नाही."

तो नकाशा म्हणजे घराची वंशावळ. मोजणीदाराने छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर, दुसरं काही येत नव्हतं म्हणून म्हणा, घराण्याचीच मोजणी काढली. वर्षभर दर शुक्रवारी तो चर्चच्या मागच्या खोलीत जाऊन बसे आणि जुन्या नोंदवह्या उलटे. बाप्तिस्म्यांची वही वेगळी, लग्नांची वेगळी, दफनांची वेगळी. जे जे सापडले त्यांचे गोल काढले, गोलांना रेघा जोडल्या आणि खाली, सवयीने, उत्तर दिशेचा बाणही काढला. वंशावळीला उत्तर दिशा कशाला हवी, हे त्याला बहिणीने म्हणजे ताईने विचारलं होतं. त्याने बाण तसाच ठेवला.

आता दुपारचे सव्वाचार वाजले होते. पाचला चर्चचा कारकून येणार होता.

प्रकरण तसं साधं होतं, निदान शुक्रवारपर्यंत तरी होतं. जुनं कबरस्तान महिनाअखेर बंद व्हायचं होतं. ज्या घरांच्या जागेत अजून कुणाला ठेवता येण्यासारखं होतं, त्यांनी नाव नोंदवायचं. गवंडी पणजोबांनी तीन हिवाळे खपून कबरस्तानाची भिंत बांधली होती, आणि त्या कामापोटी चर्चने त्यांना भिंतीच्या कोपऱ्यात सहा जणांची जागा दिली होती. पाच जण जाऊन निजले होते. एक जागा उरली होती आणि अर्ज दोन आले होते. एक आत्याचा. दुसरा बाळीआत्याचा, म्हणजे तिच्या वतीने तिच्या मुलाने, दंतवैद्याने भरलेला. आत्याचे वडील त्याच कोपऱ्यात होते आणि मुलाची शाखा आधी धरत, त्यामुळे पहिला हक्क तिचा. पण ते वडील गवंडी पणजोबांचेच पुत्र, हे नोंदवहीतून दाखवायला हवं होतं. दाखवता आलं नाही, तर जागा बाळीआत्याची. तिची आई गवंडी पणजोबांची थोरली मुलगी, हे आधीच दाखवून झालं होतं.

"माझा गोल कुठाय?" आत्याने भिंग नकाशावर फिरवलं.

"हा काय, आत्या."

"एवढासा?"

"सगळ्यांचे सारखेच आहेत. कंपासने काढलेत."

"सारखे कुठले! बाळीचा बघ केवढा दिसतोय."

"मी जाड आहे ना, म्हणून असेल," खिडकीपाशी बसलेली बाळीआत्या विणकामातून मान वर न करता म्हणाली. लहानपणी पडलेलं नाव सत्त्याऐंशीव्या वर्षीही तिच्या अंगावर तसंच होतं. ती हसली, आणि वरच्या पुढच्या दाताचा तुटका कोपरा दिसला. मुलगा दंतवैद्य असून तिने तो दात कधी बसवून घेतला नव्हता. तेहतीस वर्षं तो मागे लागला होता. "माझ्या दवाखान्याची जाहिरातच आहे ही," तो सांगे. "हिला बाहेरच्या बाकावर बघितलं की पेशंट आल्या पावली परत."

आत्या भिंग घेऊन वर सरकली. एकोणनव्वद वर्षांची होती, पण पाठ ताठ. टेलिफोन एक्सचेंजमध्ये चौतीस वर्षं कानाला यंत्र लावून तिने गावभरच्या लोकांच्या तारा जोडल्या होत्या. लग्न केलं नाही. वडिलांना शेवटची अकरा वर्षं तिनेच सांभाळलं.

"आणि हे काय? बाकी सगळे शाईनं आणि बाबा तेवढे पेन्सिलीनं?"

मोजणीदाराचा हात नकळत शर्टाच्या खिशाकडे गेला. "शाई... जरा कमी पडली."

"हे घे पेन," दंतवैद्य म्हणाला. "काळंच आहे."

"तसली शाई चालत नाही. ट्रेसिंगवर पसरते."

"मग कारकून पेन्सिल मान्य करणार आहे का?" आत्या त्याच्याकडे रोखून बघत होती. "हे बघ, मला स्पष्ट सांगायचंय. जागा मिळाली तर उत्तमच, बाबांच्या शेजारी पडेन. नाही मिळाली तर कुठेही टाका, मला काय कळणार आहे. पण कागद पाहिजे. चर्चचा शिक्का मारलेला. माझे बाबा ह्या घरचे, असं लिहिलेला."

"आता ह्यात लिहायचं काय असतं, आत्या?" ताई म्हणाली. "कुणी नाही म्हटलंय का?"

आत्याने भिंग पुसलं. "लोक काय वाटेल ते म्हणतात."

खिडकीपाशी सुयांची टिकटिक थांबली. बाळीआत्याचा एक टाका सुटला होता.

"मी चहा ठेवतो," मोजणीदार म्हणाला आणि त्याने स्वयंपाकघर गाठलं. त्याला चहा करता येत नाही हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ताई लगेच उठून मागोमाग गेली. तिने दार लोटलं. ते फुगलेलं होतं, कधीच नीट लागत नसे. चार बोटांची फट राहिली.

"काय झालंय?"

"काही नाही."

"शुक्रवारपासून तुझा चेहरा असा आहे. परवा दुकानात आलास, खोकल्याचं औषध मागितलंस आणि पोटाचं घेऊन गेलास. मी मुद्दाम बोलले नाही." ताईचं औषधांचं दुकान होतं. माणसाला काय झालंय हे तो काय मागतो त्यावरून कळत नाही, कसं मागतो त्यावरून कळतं, असं तिचं म्हणणं.

त्याने खिशातून चौकोनी घडी काढली. त्याच्याच बारीक अक्षरात उतरवून घेतलेली दफनांच्या वहीतली नोंद होती. ताईने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि वाचलं. गवंड्याचा मुलगा. नाव. वय दोन वर्षं चार महिने. घटसर्प. उत्तरेकडची मुलांची रांग, चौदावी जागा.

"हे तर आजोबांचं नाव."

"हो."

"म्हणजे आजोबा दोन वर्षांचे असताना वारले?"

"हो. म्हणजे नाही."

"अरे, पण आजोबांनी मला सायकल शिकवली!"

"तेच तर."

"थांब, थांब." ताईने गॅस बंद केला, मग परत लावला. "दुसरा मुलगा असेल. पहिला गेला, दुसरा झाला, त्याला तेच नाव ठेवलं."

"मलाही तेच वाटलं. म्हणून पुढची दहा वर्षं चाळली. गवंडी पणजोबांच्या नावावर दुसरा बाप्तिस्माच नाही. दोनच आहेत. थोरली मुलगी आणि हा मुलगा."

"नोंद राहिली असेल."

"मुलीची नोंद आहे, मुलाची आहे, मुलाच्या दफनाची आहे. भिंतीच्या दगडांच्या गाड्या किती आल्या त्याचीसुद्धा आहे. नेमकी तीच कशी राहील?"

"मग तुला आधी का नाही दिसलं? वर्षभर काय करत होतास तिथे?"

हा प्रश्न मोजणीदाराने स्वतःला शुक्रवारपासून शंभरदा विचारला होता. आजोबांचा बाप्तिस्मा सापडला, लग्न सापडलं, शहात्तराव्या वर्षीचं दफन तर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. शहात्तर वर्षं जगलेल्या माणसाला लहान मुलांच्या दफनांत कोण शोधतो? कबरस्तानाच्या कामाच्या नोंदीही दफनांच्या वहीतच होत्या, म्हणून त्याने ती उघडली ती फक्त भिंतीचं साल बघायला.

"मोजणीत कसं असतं माहितीये का," तो हळूच म्हणाला. "एका खुणेपासून निघायचं, शेताला वळसा घालायचा आणि परत त्याच खुणेवर यायचं. माप जुळलं नाही तर फरक राहतो. थोडा असेल तर सगळ्या बाजूंवर वाटून टाकतात, कुणाला कळत नाही. पण जास्त असेल तर वाटायचा नसतो. पुन्हा जाऊन मोजावं लागतं."

"मग?"

"पुन्हा मोजायला कुठे जाऊ? एक अख्खं मूल फरक येतोय, ताई."

ताईने कागदाची घडी घातली. "हे फाड."

"असं कसं फाडू?"

"मी फाडते. आण इकडे. महिनाभरात आत्याला दोनदा दवाखान्यात नेलंय, डॉक्टर काय म्हणाले तुला ठाऊक आहे. आणि तू तिच्यासमोर हे वाचणार?"

"काय वाचणार?" दंतवैद्य दारात उभा होता. "साखर बाहेर आहे म्हणून विचारायला आलो. नकाशावर ठेवलीये ना."

ताईने कागद पाठीमागे धरला. पण दंतवैद्याचा सगळा जन्म, माणसं तोंड मिटून काय लपवतात ते बघण्यात गेलेला. त्याने नुसता हात पुढे केला. ताईने मोजणीदाराकडे पाहिलं, मोजणीदाराने चहाच्या पातेल्याकडे. शेवटी कागद त्याच्या हातात गेला.

त्याने तो दोनदा वाचला. मग बोटांवर नाती मोजली. मग म्हणाला, "म्हणजे मामाआजोबा आमचे मामाआजोबा नव्हेतच?"

"आम्हाला काहीच कळलेलं नाही," मोजणीदार म्हणाला.

"म्हणजे तू माझा कोण?"

"मला विचारू नकोस. शुक्रवारपासून मी माझाच कोण ते बघतोय."

"हा कागद कारकुनाला दाखवायला हवा."

"आलं!" ताई फिरली. "वाटच बघत होते मी. मागच्या वर्षी काकांच्या ताटांच्या वाटणीवरून भांडण झालं, आता कबरीवरून. तुला जागा पाहिजे ना?"

"मला? मी साठ वर्षांचा आहे, ताई! मी आईसाठी बोलतोय. तिची आई तिथे आहे. तिलाही आपल्या आईपाशी जावंसं वाटत असेल की नाही?"

"तिने म्हटलं तसं?"

दंतवैद्य अडखळला. "अर्ज मी भरला. ती नको म्हणाली नाही."

"नको म्हणाली नाही! तुझ्या खुर्चीत बसून तोंडात बोळे असलेली माणसंही नको म्हणत नाहीत."

"हळू बोला रे," मोजणीदार कळवळला. चहा उतू गेला. तिघांनी एकदम फडकं शोधायला सुरुवात केली आणि एकमेकांना धडकले. त्या गडबडीत काठीचा आवाज कुणाच्या लक्षात आला नाही.

"एका चहाला तीन माणसं," बाळीआत्या म्हणाली. ती फटीतून आत आली आणि स्टुलावर टेकली. "कागद कसला तो?"

"काही नाही, आई. दुकानाचा."

"खोटं बोलताना तुझे कान हलतात. आण इकडे."

तिने कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचला. मोजणीदाराला वाटलं, ती आता दचकेल. ती दचकली नाही. तिने कागद मांडीवर ठेवला आणि त्यावरून तळवा फिरवला.

"चौदावी जागा होय," ती म्हणाली. "मला आकडा माहीत नव्हता."

"तुम्हाला माहीत होतं?" मोजणीदाराच्या हातातलं फडकं ठिबकत होतं.

"माझी आई आठ वर्षांची होती. भाऊ गेला तेव्हा भिंत अर्धी झाली होती. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, बोलणंच सोडलं. खायची नाही, केस विंचरायची नाही, नुसती बसून राहायची. आणि भिंतीच्या कामावर चुना मळणारी एक बाई होती, एकटी. तीही त्याच साथीत गेली. तिचं पोर राहिलं. एवढंच, दोन-अडीच वर्षांचं. माझ्या गवंडी आजोबांनी एका संध्याकाळी ते चुन्याच्या पोत्यात गुंडाळून घरी आणलं. सकाळपर्यंत ठेवू म्हणाले. आजीने बघितलं, उठली आणि गेलेल्या मुलाच्या नावाने हाक मारली. आणि ते पोर आलं."

ताईने गॅस बंद केला.

"नाव त्याला आपोआप मिळालं. कपडे मिळाले. बाप्तिस्मा झालेलाच होता, त्या नावाचा. परत कसा करणार? पाळकांना सगळं माहीत होतं. ते वहीत काही लिहायला गेले नाहीत. इतकंच." तिने कागद मोजणीदाराला परत दिला. "आईने मला सांगितलं, कुणाला सांगू नकोस म्हणून. मी एकदा सांगितलं."

"कुणाला?"

"जिन्याखाली खेळत होतो आम्ही. मी नऊची, बाहेर बसलीये ती अकराची. भांडण कशावरून ते आठवत नाही. तिचे बाबा किती भारी, तिचे बाबा किती भारी, चाललं होतं. मी म्हटलं, तुझा बाप पोत्यातून आणलाय." तिने जीभ तुटक्या दातावरून फिरवली. "काडकन दिली. जिन्याच्या पायरीवर तोंड आपटलं माझं."

दंतवैद्य आपल्या आईच्या तोंडाकडे असा बघत होता की जणू तेहतीस वर्षं चुकीचा एक्स-रे बघत आला होता. "तू तर म्हणायचीस विहिरीवर पडले."

"विहीर कुठे होती आमच्याकडे?"

दारावरची घंटा वाजली. पाचला वीस मिनिटं होती, पण कारकून लवकर आला होता.

*

कारकून सडपातळ, नीटनेटका माणूस. जुनं पुस्तक खाली ठेवावं तशा अलगदपणे तो खुर्चीवर बसला, छापील अर्ज काढला आणि नकाशा पाहून मनापासून म्हणाला, "वा! उत्तर दिशासुद्धा."

आत्याने ताईकडे विजयी नजर टाकली. ती आपल्या खुर्चीत टेबलाशी बसली होती, दोन्ही हात मांडीवर, शाळेत निकाल ऐकायला बसतात तशी.

अर्ज भरणं सुरू झालं. पणजोबांचं लग्न, मान्य. थोरली मुलगी, मान्य. मुलाचा बाप्तिस्मा, मान्य. मोजणीदार एकेक तारीख सांगत होता आणि प्रत्येक तारखेला त्याचा आवाज आणखी खाली जात होता. पुढे सांगावं की गप्प बसावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. ताई टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दाबत होती. पण डोळ्यांनी बघितलेली नोंद नाहीच असं म्हणायचं, म्हणजे छत्तीस वर्षांत त्याने एकदाही केलं नव्हतं तेच करायचं. खोटी खूण रोवायची.

तेवढ्यात कारकुनाने बॅगेतून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. ट्रेसिंग पेपरची बोटभर रुंद पट्टी.

"ही तुमची ना, साहेब? शुक्रवारी दफनांच्या वहीत राहिली."

मोजणीदाराने ती ओळखली. आपल्या खुणेची पट्टी! प्रत्येक पानावर घालायची आणि निघताना मोजून परत घ्यायची, असा त्याचा नेम. वर्षभरात एक पट्टी विसरला नव्हता. विसरला तीही त्याच पानावर.

"मी वही जागेवर ठेवताना ते पान बघितलं," कारकून जरा संकोचाने म्हणाला. "म्हणजे, बघायला नको होतं असं नाही, माझं कामच आहे. त्यावर ह्याच मुलाचं दफन आहे. दोन वर्षं चार महिने. तर मला समजेना. समितीलाही समजणार नाही. बाप्तिस्मा ज्याचा, तो तर लहानपणीच गेलेला. मग बाईंचे वडील ते कोण?"

मोजणीदाराने आत्याकडे बघितलं नाही. बघवलं नाही. त्याला फक्त तिचे हात दिसत होते. मांडीवर, एकमेकांत घट्ट अडकवलेले. दंतवैद्याने तोंड उघडलं. ताईने डोळे मिटले.

"दुसरा झाला," पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसलेली बाळीआत्या म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. ती सुटलेला टाका उचलत होती.

"पहिला गेला त्यानंतर वर्षाने दुसरा झाला. आजीने त्यालाच ते नाव ठेवलं. जन्मतःच अशक्त होता, जगतो की नाही म्हणून पाळकांना घरीच बोलावून बाप्तिस्मा केला. घाईत वहीत चढवायचं राहिलं असेल. माझ्या आईने पाणी धरलं होतं. तिने मला सांगितलं."

कारकुनाचा चेहरा खुलला. "हो, हो. गेलेल्याचं नाव पुढच्याला. अशी पुष्कळ घरं आहेत वहीत. पण मग लेखी पुरावा नाही म्हणजे... घरातल्या वडीलधाऱ्यांची साक्ष चालते. फक्त ती दुसऱ्या शाखेची हवी, जिला ह्यात स्वतःचा फायदा नाही अशी." तो थांबला. "पण तुमचा तर स्वतःचा अर्ज आहे, बाई. ह्या साक्षीने तुमचीच जागा जाते."

"फायदा नसलेली साक्ष पाहिजे म्हणालात ना? ह्याहून काय पाहिजे?"

"आई," दंतवैद्य म्हणाला.

"तू गप्प. जन्मभर हिची बडबड ऐकली, आता खालीही हिच्या शेजारी पडू? मला तिकडे नव्या कबरस्तानात टाका. झाडं लावणार आहेत म्हणे." तिने काठी टेकली, टेबलापर्यंत आली आणि हात पुढे केला. "कुठे सही?"

दंतवैद्याने तिच्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडात जे काही होतं ते त्याने गिळलं. मग त्याने आपलं काळं पेन उघडून आईच्या हातात दिलं.

शिक्का कारकुनाने बरोबरच आणला होता. तो कागदावर उमटल्याचा आवाज मोजणीदाराला फार मोठा वाटला.

*

कारकून गेला. चहा गार झाला होता. आत्याने शिक्क्याचा कागद दोन्ही हातांनी धरून शेवटपर्यंत वाचला. मग नीट घडी घालून गीतांच्या पुस्तकात ठेवला. पुस्तक उचललं तसा नकाशाचा तो कोपरा उसळून वर आला.

"झालं ना, आत्या, मनासारखं?" मोजणीदार म्हणाला. आपण वाचलो, आत्या वाचली, असं त्याला वाटत होतं. आणि वाचलो ते कशातून हे मात्र धड कळत नव्हतं.

आत्या त्याच्याकडे न बघता म्हणाली, "ते स्वयंपाकघराचं दार लागत नाही, हे तुम्हाला कुणाला माहीत नाही का?"

ताईच्या हातातली बशी वाजली.

"चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं ऐकलं आणि चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. पगार त्याचाच मिळायचा." ती बाळीआत्याकडे वळली. "इकडे ये. बस. तोंड उघड."

"कशाला?"

"उघड म्हणते ना."

बाळीआत्या समोरच्या खुर्चीत बसली आणि तिने तोंड उघडलं. आत्याने भिंग धरलं. आपला गोल तिने ज्या बारकाईने शोधला होता, त्याच बारकाईने ती त्या तुटक्या दाताकडे बघत राहिली.

"फार मोठा तुकडा गेलाय," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, एवढासाच असेल."

"तुझा हात लहान नव्हता."

"बाळे, तेव्हा तू खरं बोललीस, तर मी तुला मारलं. आज खोटं बोललीस. आता काय करू तुझं?"

बाळीआत्याने आत्याच्या हातातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं, आणि तो हात मग तिच्याच हातात राहिला.

मोजणीदाराला कुठे बघावं कळेना. आजवर त्याला वाटत होतं की आत्यापासून काहीतरी लपवायचं आहे. आता सगळ्यांना सगळं माहीत होतं, कागदावर भलतंच होतं, त्यावर चर्चचा शिक्का होता, आणि तरीही खोलीत कुणी चिडलेलं नव्हतं. त्याच्या कामात असं कधी झालं नव्हतं. माप न जुळताच वळसा परत खुणेवर येऊन मिळाला होता.

"तू काय बघत बसलायस?" आत्या त्याला म्हणाली. "शाई काढ. आहे ती, मला माहितीये. बाबांचा गोल पक्का कर."

त्याने शाईचं पेन काढलं. पेन्सिलीच्या रेघेवरून हात फिरवला. गोल पुरा झाल्यावर त्यावर फुंकर घातली.

"आता शेजारी दुसरा काढ."

"कुणाचा?"

"त्या चौदाव्या जागेवरच्याचा. त्याचं नाव घेऊन बाबा शहात्तर वर्षं जगले. त्याला निदान एक गोल नको?"

"दोन गोल? एकाच नावाचे?"

"एकाच."

"पण आत्या, पुढे कुणी हा नकाशा बघितला तर गोंधळून जाईल. कोण कुठला, काही कळणार नाही त्याला."

"गोंधळू दे. आपण कमी गोंधळलो का?"

ताई हसली की रडली ते तिने फडक्यात तोंड लपवल्यामुळे कळलं नाही. मोजणीदाराने कंपास उघडला आणि पहिल्या गोलाला अगदी चिकटून दुसरा गोल काढला. हा थेट शाईनेच.

बाळीआत्याने विणकाम पिशवीत भरलं. काठी घेतली, उठली, आणि दाराशी जाऊन मुलासाठी थांबली. मग तिथूनच म्हणाली, "तुझा दवाखाना उद्या किती वाजता उघडतो रे?"

"नऊला," तो सवयीने म्हणाला, आणि जबडा खिशात टाकता टाकता थांबला. "का?"

"मी येईन म्हणते. दात बसवून घ्यायचाय." तिने काठीने आत्याकडे खूण केली. "हिला पण आण. बाहेरच्या बाकावर बसू दे, आणि मी किती ओरडते ते ऐकू दे."